मदत हवी आहे: निकेल कॉम्प्लेक्स आणि पिरिडीन, दोन स्थिरांक (पहिलं आणि दुसरं पिरिडीन किती घट्ट बसतं ते आकडे) वेगळे कसे काढू?

नमस्कार मंडळी,

मुंबईत एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय इनऑरगॅनिक. प्रोजेक्टसाठी निकेल डायइथाइल डायथायोफॉस्फेट टोल्युइनमध्ये विरघळवते आणि पिरिडीन (नायट्रोजन असलेला बेस) थोडं थोडं वाढवत यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख, घेते. जांभळं द्रावण हिरवं होत जातं. मूळ कॉम्प्लेक्स सपाट चौकोनी, निकेलभोवती चार सल्फर. वरून-खालून दोन पिरिडीन बसले की अष्टफलकी होतं. इथवर कळतं.

अडतंय ते आलेखात. बेनेसी-हिल्डब्रँडची (शोषणावरून स्थिरांक काढायची पद्धत) रेघ सरळ येत नाही, वाकते. सगळे स्पेक्ट्रम एका बिंदूतून जातही नाहीत. याचा अर्थ एक पिरिडीनवालं कॉम्प्लेक्सही द्रावणात बऱ्यापैकी आहे, असं धरू का?

दुसरं कोडं जास्त छळतंय. २-पिकोलीन आणि ४-पिकोलीन (मिथाइल गट जोडलेली पिरिडीन), दोघांचा पीकेए (बेस प्रोटॉन किती घट्ट धरतो त्याचं माप) ६ च्या आसपास, पिरिडीनचा ५.२. तरी २-पिकोलीन पिरिडीनपेक्षाही कमी बांधलं जातं. सरांना दाखवण्याआधी मला स्वतःला पटायला हवं. प्लीज सांगा.

उत्तर:
ताई, पहिला अंदाज बरोबर आहे. ती पद्धत एकच पायरी गृहीत धरते, तुमच्याकडे दोन आहेत. सुरुवातीचा स्पेक्ट्रम हातात आहेच. भरपूर पिरिडीन घालून शेवटचाही घ्या. मग अज्ञात उरतात ते मधल्या कॉम्प्लेक्सचं शोषण आणि दोन स्थिरांक. अनेक तरंगलांबींचे आकडे एकत्र घेऊन कॉम्प्युटरवर फिट करा, एकाच तरंगलांबीवर विसंबू नका.

२-पिकोलीनचं कारण मिथाइल गट. तो नायट्रोजनच्या अगदी शेजारी असल्यामुळे निकेलजवळच्या सल्फरांना अडतो. प्रोटॉन इवलासा, त्याला ही अडचण जाणवत नाही, म्हणून पीकेए चांगला दिसतो. ४-पिकोलीनमध्ये मिथाइल पार पलीकडच्या टोकाला असतो.

आणि हे सोडू नका: पिरिडीन हवेतलं पाणी ओढतं, आपल्याकडे पावसाळ्यात तर फारच. कॉस्टिक पोटॅशवर ठेवून डिस्टिल करा. ही बांधणी उष्णता सोडणारी आहे, तापमान वाढलं की पिरिडीन सुटतं. क्युव्हेट (द्रावणाची छोटी पारदर्शक कुपी) होल्डरमधून २५ अंशांचं पाणी फिरवा, खोलीच्या एसीवर भरवसा नको.

धागाकर्ती:
खूप आभार! टोल्युइनऐवजी क्लोरोफॉर्म चालेल का? त्यात कॉम्प्लेक्स पटकन विरघळतं.

उत्तर:
टाळा. क्लोरोफॉर्मचा हायड्रोजन पिरिडीनच्या नायट्रोजनशी बंध करतो, मग स्थिरांक कमी येतो. शिवाय बाटलीत बहुतेकदा स्टॅबिलायझर म्हणून इथेनॉल असतं.