व्हेनिसमध्ये चार-पाच दिवस निवांत पायी फिरायचे आहे: गुडघे जपून जमेल का?

दांडियाबाजार

नमस्कार मंडळी. माझे यजमान नुकतेच निवृत्त झाले असून येत्या वर्षात आम्हा दोघांना युरोपातील एकाच जुन्या शहरात चार-पाच दिवस मुक्काम करून ते पायी पाहायचे आहे. आठवड्यात पाच देश दाखवणाऱ्या सहलींची माहितीपत्रके घरात येऊन पडली आहेत. पण पहाटे सामान बसमध्ये चढवायचे आणि संध्याकाळी भलत्याच गावात उतरवायचे, हा प्रकार आता आम्हाला झेपणारही नाही आणि आवडणारही नाही. व्हेनिस मनात भरले ते बडोद्यामुळेच. इथल्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबार हॉलची जमीन व्हेनिसच्या मोझेइकची, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेल्या नक्षीची आहे आणि फेलिची या इटालियन शिल्पकाराची शिल्पेही तिथे आहेत. लहानपणापासून पाहुण्यांना ती दाखवत आल्यामुळे, ही कारागिरी जिथली आहे ते गाव एकदा डोळ्यांनी पाहावे अशी फार इच्छा आहे.

अडचण एवढीच की यजमानांचे गुडघे दुखतात. सपाटीवर ते तासभर सहज चालतात, पण जिन्यांना घाबरतात. व्हेनिसमध्ये पूल फार आहेत असे ऐकते. तिथे खरोखर विश्रांती मिळेल का, कोणत्या भागात राहावे आणि कोणता महिना बरा, हे जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे. आम्ही दोघेही शाकाहारी आहोत.

कमाटीबाग

ताई, अवश्य जा. फक्त एक गोष्ट पक्की करा: शहर ‘उरकायचे’ नाही. मुळात व्हेनिसमध्ये मोटारी, रिक्षा, स्कूटर काहीच नाही. चाकाची वाहतूक शहराच्या पश्चिम टोकाला पियाझ्झाले रोमा येथे संपते आणि पुढे सगळा व्यवहार पायी किंवा होडीने. हॉर्नचा आवाज कानावर न पडता दिवस जातो, तेव्हा आपण एरवी किती सावध होऊन रस्त्याने चालतो ते कळते. विश्रांतीची सुरुवात तिथेच होते.

शहराचे सहा भाग आहेत. तुम्ही दोर्सोदूरो किंवा कान्नारेजो यांपैकी एक निवडा. दोर्सोदूरोच्या दक्षिण काठाने झात्तेरे नावाचा लांब, रुंद, उन्हाचा रस्ता जातो. एका बाजूला जूदेक्का बेटापर्यंत पसरलेले पाणी, दुसऱ्या बाजूला घरे आणि चर्च, मधून मधून बसायला बाके. पूल तिथेही लागतात, पण थोडे आणि बेताच्या उंचीचे. अकादेमिया चित्रसंग्रहालय आणि १६३० च्या प्लेगनंतर नवस फेडण्यासाठी बांधलेले सालूते चर्च जवळच आहे.

कान्नारेजोत पर्यटक विरळ असतात. ज्यूंनी एकाच वस्तीत राहावे असा हुकूम व्हेनिसच्या सरकारने १५१६ साली काढला, ती गेट्टो वस्ती याच भागात आहे. रात्री दारे बंद होत. वस्ती वाढली तरी जागा वाढेना, म्हणून घरे वर वर चढत गेली आणि आजही तिथल्या इमारती आजूबाजूच्या घरांपेक्षा उंच दिसतात. चौकात उभे राहून खिडक्यांच्या रांगा नुसत्या मोजल्या तरी प्रत्येक मजल्याची उंची किती कमी ठेवली होती ते लक्षात येते आणि मन विषण्ण होते.

कोणत्याही चौकात बसलात की मधोमध दगडी विहीर दिसेल. तिच्याजवळ थोडा वेळ अवश्य थांबा. चारी बाजूंना खारे पाणी असल्यामुळे गोड्या पाण्याची सोय पावसावरच होती. चौकाची फरसबंदी किंचित उतरती ठेवून पाणी भोकांच्या दगडी झाकणांतून खाली घेत, वाळूच्या थरांतून ते गाळले जाई आणि मधल्या विहिरीत साठे. कित्येक विहिरींच्या काठावर दोर घासून पडलेल्या खोल खाचा अजून आहेत, त्यांत बोट फिरवून पाहा. मुख्य भूमीवरून नळाचे पाणी शहरात आले ते १८८४ साली, म्हणजे आपल्या बडोद्यात आजवा तलावाचे पाणी येण्याच्या थोडेच आधी.

मोझेइकसाठी जात आहात, तर सेंट मार्क बॅसिलिकात वरच्या सोनेरी मोझेइकइतकाच वेळ जमिनीला द्या. रंगीत संगमरवराच्या तुकड्यांची ती जमीन शतकानुशतके खचत गेल्यामुळे लाटांसारखी वरखाली झाली आहे. मुरानो बेटावरील सांता मारिया ए सान दोनातो चर्चची १२ व्या शतकातील जमीनही तशीच सुंदर आहे आणि तिथे गर्दी कमी असते. सेंट मार्कचा चौक सकाळी आठच्या आत पाहा. दुपारी तिकडे फिरकू नका.

महिना म्हणाल तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध. शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत भरतीचे पाणी शहरात शिरण्याचा संभव जास्त असतो. २०२० पासून मोठ्या भरतीच्या वेळी शहराभोवतीच्या खाजणाच्या समुद्राकडच्या मुखांवर अडथळे उभारले जातात, परंतु सेंट मार्कचा चौक इतका सखल आहे की लहान भरतीतही तिथे पाणी येऊ शकते.

पाणीगेटकर

वरील प्रतिसाद उत्तम आहे, तरी मी नम्रपणे वेगळे मत मांडतो. व्हेनिसमध्ये चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना दोन्ही बाजूंनी पायऱ्या आहेत. एक पूल काहीच वाटत नाही, पण दिवसाकाठी तेच पाच-पंचवीस वेळा केले की गुडघे संध्याकाळी हिशेब मागतात. काकांना जिन्यांची धास्ती असेल तर इटलीतल्याच बोलोन्याचा विचार करावा.

ते विद्यापीठाचे जुने शहर आहे, मध्यभाग बराचसा सपाट आहे आणि रस्त्यांच्या कडेने कमानींचे छत असलेले पदपथ आहेत. सगळ्या शहरात मिळून त्यांची लांबी सुमारे ६२ किलोमीटर भरते, आणि २०२१ साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशात समावेश केला. ऊन असो की पाऊस, छत्री न उघडता माणूस चालत राहतो. विद्यार्थ्यांना राहायला खोल्या कमी पडू लागल्या तेव्हा वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि त्यांना खालून खांबांचा आधार दिला, अशी या कमानींची सुरुवात. फक्त गावाबाहेरच्या टेकडीवरील सान लूका चर्चकडे जाणारी कमानींची वाट पायी चढू नये, ती चांगलीच दमवते. बोलोन्यात मुक्काम ठेवून रेल्वेने एक दिवस व्हेनिसला जाऊन येता येईल. वेगवान गाडीला साधारण दीड तास लागतो.

दांडियाबाजार

दोघांचेही मनापासून आभार. यजमानांना दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. बोलोन्याच्या कमानी त्यांना फार आवडल्या, पण ‘एका दिवसात व्हेनिस’ म्हणजे पुन्हा धावपळच, असे त्यांचे म्हणणे पडले आणि मलाही ते पटले. तेव्हा मुक्काम व्हेनिसलाच करायचा, चालणे कमी ठेवायचे आणि बसणे वाढवायचे असे ठरते आहे. होडीचा उपयोग करून पूल कितपत टाळता येतात आणि जेवणाचे काय, एवढे कोणी सांगावे.

रावपुरा_वाचक

जेवणाची चिंता नको. टोमॅटोचा साधा पास्ता आणि पिझ्झा सगळीकडे मिळतो. मात्र भाज्यांच्या सूपमध्ये किंवा मटारच्या भातातही डुकराचे मांस किंवा मांसाचा रस्सा असू शकतो, म्हणून प्रत्येक वेळी विचारावे. पार्मेझान चीजमध्ये दूध साकळण्यासाठी वासराच्या पोटातील रेनेट वापरतात. ते चालत नसेल तर चीज नसलेला मारिनारा पिझ्झा मागवावा. व्हिसासाठी शेंगेन क्षेत्राचा (इटलीसह युरोपातील अनेक देशांचा सामाईक) अल्पमुदतीचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा त्यासाठी आवश्यक आहे.

कमाटीबाग

ताई, तुमचा निर्णय मला योग्य वाटतो. सार्वजनिक होड्यांना तिथे वापोरेत्तो म्हणतात. एकेरी तिकीट ९.५० युरो असून ७५ मिनिटे चालते, म्हणून तुमच्यासारख्यांनी काही दिवसांचा पासच काढावा. मग एका थांब्यावर उतरून आसपासची गल्ली, चौक, चर्च पाहायचे आणि पुढचा पूल चढण्याऐवजी पुन्हा होडीत बसायचे, असे निर्धास्तपणे करता येते. क्रमांक १ ची होडी संपूर्ण मोठ्या कालव्यातून सावकाश जाते. कंटाळा आला तर नुसते तिच्यात बसून राहिलात तरी दोन्ही काठांचे जुने वाडे बघून होतात.

२०२४ पासून काही ठरावीक दिवशी, केवळ दिवसापुरते येणाऱ्यांना शहरात प्रवेशशुल्क भरावे लागते. मुक्कामी पाहुण्यांना ते माफ आहे, पण सवलतीची नोंदणी ऑनलाइन करून ठेवावी लागते. हॉटेलला विचारून घ्या.

आणि हॉटेल ठरवताना खोलीच्या फोटोंपेक्षा दोन गोष्टींची लेखी खात्री करून घ्या: होडीच्या थांब्यापासून दारापर्यंत वाटेत किती पूल आहेत, आणि इमारतीत लिफ्ट आहे का. जुन्या वाड्यांतून थाटलेल्या कित्येक हॉटेलांत ती नसते. वाटेत एकही पूल नाही असे उत्तर येईपर्यंत पैसे भरू नका, कारण सामान ओढत पायऱ्या चढण्याचा त्रास येताना आणि जाताना दोन्ही वेळा होतो.