मदत हवी आहे: वडगावातल्या जुन्या घरात नवा गिझर बसवायचाय

नमस्कार मंडळी. आमचा 15 लिटरचा गिझर नऊ वर्षांनी गेला. बुडातून तांबूस थेंब गळायचे. उघडून बघितलं तर टाकी गंजू नये म्हणून आत असतो तो मॅग्नेशियमचा रॉड नुसता तारेएवढा उरलेला. बोअरचं जड पाणी, दुसरं काय!

आता 25 लिटरचा, 2000 वॅटचा, आयएसआय मार्क बघूनच आणलाय. प्लंबर म्हणतो, "वहिनी, प्रेशर व्हॉल्व्ह सारखा ठिबकतोय, तिथं डमी बूच मारून बंदच करून टाकतो." मी साफ नको म्हटलं. थर्मोस्टॅट अडकला तर टाकीतला दाब जाणार कुठून? पण त्या व्हॉल्व्हची नळी मोरीपर्यंत उघडीच सोडायची ना? तुम्ही कशी काढलीय? फोटो टाका.

गरम पाण्याला साधा पीव्हीसी पाइप चालतो म्हणून प्लंबर हट्ट धरून बसलाय. मी गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसीच आणणार, ते ठरलंय.

खरी काळजी भिंतीची. विटा-मातीची आहे आणि नुसतं पाणीच 25 किलो, वर टाकीचं वजन वेगळं. लोखंडी ब्रॅकेट आरपार बोल्टनं कुणी बसवलेत का? पॉइंट 16 अँपियरचा आहे, अर्थिंगचा मात्र भरवसा नाही. शहापूर-वडगावात अर्थिंग मीटर लावून तपासून देणारा वायरमन कुणाच्या ओळखीत आहे का? गणपतीला पाहुणे यायच्या आत उरकायचंय.