शब्दचर्चा: सातबारावरचा 'अज्ञान'

वाटणीच्या निमित्ताने घरचा सातबारा काढला. वडील गेले तेव्हा मी तिसरीत होतो, म्हणून वारसनोंदीत नावापुढे 'अज्ञान, अ.पा.क. आई' असा शेरा आहे. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, एवढं कळलं. पण तेव्हा माझे तीसपर्यंतचे पाढे पाठ होते हो! अल्पवयीनाला 'अज्ञान' का म्हणायचं? आणि अठरा भरले की 'सज्ञान', हे ज्ञान एका रात्रीत कुठून येतं?

↳ पाढ्यांनी भागत नाही :) ही कल्पना फार जुनी आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात 'अज्ञो भवति वै बालः' असं आहे. जो अज्ञ तो बाल, आणि मंत्र देणारा तो पिता, मग तो वयाने धाकटा का असेना. 'तर्कसंग्रह' हे न्यायशास्त्राचं (म्हणजे तर्कशास्त्राचं, कायद्याचं नव्हे) सुरुवातीचं पुस्तक लिहिलं तेही 'बालानां सुखबोधाय', बालांना सहज कळावं म्हणून. त्यातला बाल कोण, तर टीकाकार म्हणतात, व्याकरण, काव्य, कोश शिकलेला पण न्यायशास्त्र न शिकलेला. असा बाल मिशा फुटलेलाही असणार! 'बालिश'मध्येही लहानपणासोबत मूर्खपणा आहेच. वयाची रेघ आली इंग्रजी अमदानीत. 1875 च्या कायद्याने सज्ञान होण्याचं वय अठरा ठरवलं. म्हणजे शब्द ज्ञानाचा आणि मोजमाप वर्षांचं, म्हणून तो तुम्हाला खटकतोय.

↳ त्याच कायद्याने लग्न, घटस्फोट, दत्तक हे विषय बाजूला ठेवले होते, हेही सांगा. त्यामुळे मुलगी जमिनीच्या व्यवहाराला अज्ञान आणि नांदायला जाणती! 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधाला संमतीचं मुलीचं वय दहाचं बारा केलं, तर त्यावर केवढं रण माजलं. टिळकही विरोधात होते. 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय चौदा झालं, अठरा व्हायला 1978 उजाडलं. (हे नाव देवलांच्या शारदेवरून नाही, हरबिलास सारडांवरून आलं. आमच्या वर्गात निम्म्यांचा हाच घोळ होता.) आणि आमच्याकडे पाळी आली की बायका म्हणायच्या, 'पोरगी शहाणी झाली.' मुलाचं शहाणपण कागदावर आणि मुलीचं अंगावर. या शब्दाचा मला अजून राग येतो.

↳ वापराबद्दल: बातम्यांत 'अल्पवयीन', महसुली कागदांत अजून 'अज्ञान'. 'बालगुन्हेगार' मात्र मागे पडला, आता 'विधिसंघर्षग्रस्त बालक'. हेतू चांगला, पण एका दमात म्हणून दाखवा. आणि मूळ धागाकर्ते, अ.पा.क.चा शेरा आपोआप जात नाही. वयाचा पुरावा जोडून तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो.

↳ अरे देवा. मला आता चव्वेचाळीस सुरू आहे. शेरा तसाच आहे.