मदत हवी आहे: सॅटिव्हस, सॅटिव्हा की सॅटिव्हम?

रानवाटा:
परसबागेसाठी शास्त्रीय नावांच्या पाट्या करायच्या आहेत. काकडी 'कुकुमिस सॅटिव्हस', भात 'ओरायझा सॅटिव्हा', लसूण 'ॲलियम सॅटिव्हम'. शब्द एकच, मग शेपटं तीन कशी? आणि लॅटिन शब्दकोशात 'सेरो' हे क्रियापद दोनदा दिलंय, त्यातलं मूळ कोणतं? चिंचेची पाटी 'टॅमरिंडस इंडिकस' अशी रंगवून झालीय, चालेल ना?

खुरपं:
शब्दकोशात क्रियापदाची चार मुख्य रूपं देतात; दोन्ही 'सेरो'ंचं त्यातलं चौथं पाहा. पेरणे अर्थाच्या सेरोचं 'सतुम', ओवणे अर्थाच्या सेरोचं 'सेर्तुम'. आपल्याला पहिलं हवं. त्याचं 'सतुस' म्हणजे पेरलेला. त्याला 'ईवुस' प्रत्यय लागून 'सतीवुस' (पाटीवरचं 'सॅटिव्हस'), म्हणजे लागवडीचा. 'काप्तुस'वरून 'काप्तीवुस' (कैदी) होतं, तसंच. 'सतिस' म्हणजे पुरेसं, त्याचा इथे काही संबंध नाही.

शेपटांचं म्हणाल तर पांढरा कांदा, पांढरी काकडी, पांढरं वांगं! फक्त लिंग प्रजातीच्या लॅटिन नावाचं (म्हणजे जोडनावातल्या पहिल्या शब्दाचं) बघायचं, मराठीचं नाही. आपली काकडी स्त्रीलिंगी, पण कुकुमिस पुल्लिंगी; भात पुल्लिंगी, ओरायझा स्त्रीलिंगी. घोळ होतो तो इथेच.

दुसरी विभक्ती:
चिंचेची पाटी मात्र पुन्हा रंगवा. 'टॅमरिंडस इंडिका' हवं. लॅटिनमध्ये झाडांची नावं 'उस'कारान्त असली तरी बहुधा स्त्रीलिंगी; म्हणून पिंपळही 'फायकस रिलिजिओसा'. (टॅमरिंडस आलं अरबी 'तम्र हिंदी'वरून, म्हणजे हिंदी खजूर. त्यावर पुन्हा इंडिका!)

रानवाटा:
अरे देवा. मग 'आ'कारान्त दिसलं की स्त्रीलिंगी, एवढं तरी नक्की? आणि बडीशेप 'फेनिक्युलम व्हल्गॅरिस' की 'व्हल्गॅरम'?

दुसरी विभक्ती:
दोन्ही नाही, 'व्हल्गॅरे'. हे विशेषण तिसऱ्या गणातलं, म्हणजे 'सॅटिव्हस'पेक्षा वेगळ्या पद्धतीनं चालणारं. पुल्लिंगी-स्त्रीलिंगी रूप एकच, 'व्हल्गॅरिस' (घेवडा फॅसिओलस व्हल्गॅरिस, बीट बीटा व्हल्गॅरिस), नपुंसकलिंगी 'व्हल्गॅरे'. 'आ'चाही भरवसा नको. ग्रीक 'स्टोमा' नपुंसकलिंगी, म्हणून मेलास्टोमा मलाबाथ्रिकम. हळद मात्र कर्क्युमा लाँगा, कारण त्यातला 'मा' ग्रीक नाही.

खुरपं:
बागेत जांभूळ असेल तर 'सिझीजियम क्युमिनी'ला हात लावू नका. 'क्युमिनी' हे विशेषणच नाही, 'जिऱ्याचं' अशी षष्ठी आहे. ती लिंगानुसार बदलत नाही. आणि जुन्या पुस्तकात विशेषणाचं शेपूट चुकलेलं दिसलं तर नियमाप्रमाणे तेवढंच सुधारायचं, नाव देणारा आणि साल तेच राहतं.