मदत हवी आहे: जॉर्डनमधली पवित्र शास्त्रातली ठिकाणं, ज्येष्ठांचा गट, सात दिवस

सहल_समिती:

नमस्कार मंडळी. आमच्या चर्चच्या मंडळीतर्फे (अहिल्यानगर) ऑक्टोबरअखेर जॉर्डनची सहल ठरते आहे. ३४ जण, निम्म्याहून जास्त साठीच्या पुढचे. दोघांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पाच-सहा मधुमेही आहेत. पाळकसाहेब बरोबर आहेत, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी वचन वाचून छोटी प्रार्थना करायची इच्छा आहे.

एजंटने दिलेला आराखडा असा:

दिवस १: पहाटे अम्मानला उतरून थेट जेराश (रोमन काळातल्या शहराचे अवशेष), मग अम्मान किल्ला.
दिवस २: नबो पर्वत (मोशेने वचनदत्त देश पाहिला ती जागा), मादबा, मुकाविर, बाप्तिस्म्याचं ठिकाण, मृत समुद्र, रात्री परत अम्मान.
दिवस ३: किंग्ज हायवेने (डोंगरातला जुना वळणांचा रस्ता) केराक किल्ला, संध्याकाळी पेत्रा (कड्यांत कोरलेलं प्राचीन शहर).
दिवस ४: सकाळी पेत्रा, दुपारी वादी रमचं वाळवंट, तिथेच मुक्काम.
दिवस ५: अम्मानला परत.
दिवस ६: ॲलनबी पुलावरून एका दिवसात यरुशलेम (वेगळे पैसे).
दिवस ७: खरेदी आणि परतीचं विमान.

प्रश्न: १) हे झेपेल का? २) जॉर्डन पास घ्यावा की एजंट म्हणतो तसं 'सगळं पॅकेजमध्ये'? ३) पेत्रात न चालू शकणाऱ्यांचं काय करायचं? ४) यार्देनमध्ये उतरता येतं का?

---

नकाशेवाचक:

दुसरा दिवस आधी दुरुस्त करा, सगळ्यात जास्त गडबड तिथे आहे.

नबो सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि मृत समुद्राचा काठ समुद्रसपाटीच्या ४३० मीटर खाली. म्हणजे बस एका दमात अकराशे मीटरहून जास्त खाली उतरते. कान बंद होतात, वळणांनी मळमळतं, खाली हवा एकदम गरम लागते. एवढं उतरून रात्री परत अम्मानला चढायचं म्हणजे दिवसातले दोन तास फुकट. त्या रात्री मृत समुद्राकाठीच, स्वेमेह भागात मुक्काम घ्या. हॉटेल थोडं महाग पडेल, पण तुमच्या गटासाठी हा खर्च वसूल आहे.

क्रम असा ठेवा: अम्मान, मादबा, नबो, बाप्तिस्म्याचं ठिकाण, मृत समुद्र. मादबा अम्मानपासून ३० किमीवर आहे आणि नबो त्याच्या पश्चिमेला, खाली उतरणाऱ्या रस्त्यावरच. नबो आधी घेऊन मग मादबाला गेलात तर उलट फेरा पडतो. शिवाय नबोवरून आपण पश्चिमेकडे बघतो. सकाळी सूर्य पाठीशी असतो, दुपारनंतर डोळ्यांवर येतो आणि समोर नुसता पांढरा धूर दिसतो. हवा स्वच्छ असेल तर यरीहोची हिरवळ आणि त्यामागे यरुशलेमच्या टेकड्या दिसतात. बऱ्याचदा धूसर असतं, हे गटाला आधीच सांगून ठेवा म्हणजे विरस होणार नाही.

मादबाला सेंट जॉर्ज चर्चमध्ये रविवारी सकाळी उपासना असते, तेव्हा पर्यटकांना आत सोडत नाहीत. हा दिवस रविवारी येऊ देऊ नका.

त्या चर्चच्या जमिनीवर सहाव्या शतकातला मोझेइकचा नकाशा आहे. त्याच्यासाठी घाई करू नका. नकाशात पूर्व वरच्या बाजूला आहे, त्यामुळे उत्तर वर धरून बघणारा माणूस पूर्ण गोंधळतो. आधी यरुशलेम शोधा: लंबगोल तटबंदी आणि मधून जाणारा खांबांचा रस्ता. मग यार्देन नदीत मासे बघा. एक मासा मृत समुद्राकडे पाठ फिरवून प्रवाहाच्या उलट पोहतोय, कारण त्या खारात तो जगणार नाही. दगडाच्या एवढ्याशा चौकोनी तुकड्यांत कारागिराने हे टिपून ठेवलंय! दाराजवळच्या दालनात नकाशाची मोठी प्रतिकृती असते. गाईडला तिथेच सगळं समजावायला सांगा, आत गर्दीत ३४ जणांना ऐकू जात नाही.

मुकाविर गाळा. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो की बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला तिथल्या किल्ल्यात ठार मारलं (शुभवर्तमानात जागेचं नाव नाही). जागा मोलाची आहे, पण वाट वाकडी आणि शेवटी टेकडीची चढण. मार्क ६ बसमध्ये वाचा.

---

डोंगरवाट:

पेत्राबद्दल. 'सकाळी पेत्रा, दुपारी वादी रम' हे वेळापत्रक ज्येष्ठांसाठी नाहीच. वादी मुसामध्ये (पेत्राच्या फाटकाजवळचं गाव) दोन रात्री घ्या, मधला पूर्ण दिवस पेत्राला द्या.

अंतरं लिहून ठेवा. फाटकापासून सीकच्या तोंडापर्यंत साधारण ८०० मीटर. सीक म्हणजे ती अरुंद घळ, १.२ किमी. म्हणजे खजिना (ट्रेझरी, कड्यात कोरलेली ती प्रसिद्ध वास्तू) फाटकापासून २ किमी. तिथून पुढे नाट्यगृह, खांबांचा रस्ता, कस्र अल-बिंतचं देऊळ हे आणखी दोनेक किमी. जाताना उतार असतो आणि लोकांना वाटतं, किती सोपं आहे. परतताना तोच चढ, तोही दुपारच्या उन्हात, आणि दमछाक तिथेच होते. ज्याला चार किमी चालणं जमतं त्याला 'खजिन्यापर्यंत आणि परत' जमेल, त्यापुढचं नाही, असा हिशेब धरा.

गटाचे दोन भाग करा. सावकाश जाणाऱ्यांना फाटकाजवळून बॅटरीवर चालणारी गाडी मिळते, ती खजिन्यापर्यंत नेते आणि आणते. गाड्या मोजक्या आहेत, आगाऊ आरक्षणाच्या भरवशावर राहू नका. उघडल्या उघडल्या एकाने काउंटरवर जाऊन जाण्याची आणि येण्याची दोन्ही तिकिटं घ्यावीत, परतीची वेळ तिथेच ठरवावी. तिकिटात घोड्याची फेरी धरलेली असते, पण ती फक्त सीकच्या तोंडापर्यंत, आणि शेवटी बक्षिसी मागतातच. गुडघ्याच्या ऑपरेशनवाल्यांनी घोड्यावर बसू नये.

चांगलं चालणाऱ्यांनी पेत्रा चर्चसाठी अर्धा तास राखावा. मुख्य रस्त्याच्या वरच्या अंगाला आहे, बहुतेक गट चुकवतात. बायझंटाइन काळातलं चर्च, दोन्ही बाजूंना मोझेइक, आणि १९९३ मध्ये तिथे जळून कोळसा झालेल्या सुमारे १४० पपायरस गुंडाळ्या सापडल्या. पेत्रा म्हणजे फक्त थडगी हा समज तिथे जातो. अद-दैरच्या (मॉनेस्ट्री) ८०० हून जास्त पायऱ्या फक्त तब्येत ठणठणीत असलेल्यांनी चढाव्यात. पायऱ्यांवर गाढवावरून जाणं टाळा, झिजलेल्या दगडावर जनावराचा पाय सरकतो.

फाटक सकाळी ६ ला उघडतं. साडेसहाला आत असाल तर सीक जवळजवळ रिकामी मिळते. सीकमध्ये स्वच्छतागृह नाही, फाटकापाशीच उरकून घ्या. मधुमेह्यांनी खजूर आणि बिस्किटं जवळ ठेवावीत, कारण न्याहारी पहाटे होते आणि जेवण दुपारी दोनला.

आणि पाऊस. ऑक्टोबरअखेरपासून अचानक पुराचा हंगाम सुरू होतो. पाऊस डोक्यावर नसला, दूर डोंगरात पडला, तरी पाणी त्या घळीत शिरतं. १९६३ च्या एप्रिलमध्ये फ्रेंच यात्रेकरूंचा गट सीकमध्ये असाच सापडला आणि वीसहून जास्त माणसं गेली. त्यानंतर बंधारा बांधला. आज इशारा मिळाला की पेत्रा बंद करतात. 'परत जा' म्हटलं की तडक परतायचं, फोटोसाठी थांबायचं नाही.

---

हिशेबनीस:

जॉर्डन पासचं गणित. हा पास म्हणजे व्हिसा फीची माफी आणि पेत्रासकट बऱ्याच ठिकाणांची प्रवेश तिकिटं एकत्र.

पास ७० दिनारचा (पेत्रा एक दिवस), ७५ चा (दोन दिवस) किंवा ८० चा (तीन दिवस). देशात किमान तीन रात्री राहिलात तर ४० दिनारची व्हिसा फी माफ, पण पास उतरण्याआधी घेतलेला हवा. पेत्राचं एका दिवसाचं तिकीटच ५० दिनार आहे. व्हिसा अधिक पेत्रा म्हणजे ९०, आणि जेराश वेगळं. सुट्या प्रवाशाला पास सरळ फायद्याचा.

गटाचं मात्र वेगळं असतं. जॉर्डनच्या नोंदणीकृत सहल कंपनीमार्फत गट आला तर व्हिसा फी पुष्कळदा तशीही माफ होते. मग पासची बचत उरत नाही. म्हणून एजंटकडून दोन ओळी लेखी घ्या: व्हिसा फी कोण भरतंय, आणि प्रवेश तिकिटांत कोणकोणती ठिकाणं आहेत. 'सगळं पॅकेजमध्ये' याला काही अर्थ नाही. नबो पर्वत पासमध्ये नाही, बाप्तिस्म्याचं ठिकाण पासच्या मूळ किमतीत नाही. पॅकेजमधूनही नेमकी हीच दोन गळतात आणि दारात पैसे काढावे लागतात.

दिनारचा दर डॉलरला बांधलेला आहे, १ दिनार म्हणजे साधारण १.४१ डॉलर. रुपये नेऊन उपयोग नाही, डॉलर न्या. सुटे दिनार टिप, पाणी आणि स्वच्छतागृहासाठी लागतात. गाईड आणि ड्रायव्हरची टिप पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून गोळा करून एकाकडे ठेवा, शेवटच्या दिवशी विमानतळावर पाकिटं उघडत बसायला नको.

दिवस ६ बद्दल: यरुशलेम एका दिवसात करू नका. भारतीय पासपोर्टला इस्रायलचा व्हिसा आधी काढावा लागतो. ॲलनबी पुलावर जॉर्डनचा व्हिसा मिळत नाही, त्यामुळे परत येताना अडकण्याची भीती. तपासणीत तास जातात, पूल लवकर बंद होतो, शुक्रवार-शनिवारी त्याहून लवकर. त्यात परिस्थिती बिघडली की पूल आणि आकाश दोन्ही बंद होतात, जून २०२५ मध्ये जॉर्डनने आपली हवाई हद्दही काही काळ बंद ठेवली होती. प्रवास विम्यात युद्धजन्य कारणं बहुधा वगळलेली असतात. पैसे परतीच्या अटी आत्ताच वाचा.

---

सहल_समिती:

फारच मोलाची माहिती, सगळ्यांचे आभार. यरुशलेम रद्द करतोय. मग तो दिवस कुठे लावू? आणि यार्देनचा प्रश्न राहिला. काही जणांना तिथे पाळकसाहेबांकडून प्रार्थना करून घ्यायची आहे.

---

नकाशेवाचक:

तो दिवस उत्तरेला द्या: जेराश आणि उम्म कैस. पहाटे उतरलेल्या गटाला पहिल्याच दिवशी जेराश नको. विमानात झोप झालेली नसते आणि जेराश म्हणजे उंचसखल फरसबंदीवर तीनेक किमी चालणं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत झोपू द्या, मग अम्मान किल्ला आणि जॉर्डन म्युझियम (मंगळवारी बंद). म्युझियममध्ये मृत समुद्राच्या गुंडाळ्यांपैकी (तिथल्या गुहांत सापडलेले प्राचीन लेख) तांब्याची गुंडाळी आहे. तिच्यासाठी तरी जाच. किल्ल्यावर २ शमुवेल ११ वाचा. उरीया पडला ते अम्मोन्यांचं राब्बा हेच.

उम्म कैस म्हणजे गदरा, मत्तय ८ मधल्या गदरेकरांचा देश. काळ्या बसाल्टचे खांब, आणि गच्चीवरून थेट गालील समुद्र दिसतो. यरुशलेम हुकल्याची हळहळ असेल त्यांना इथे उभं करा, सीमा न ओलांडता गालील डोळ्यांसमोर असतो. अम्मान-जेराश रस्त्यावर झरका नदी ओलांडताना बसमध्ये उत्पत्ती ३२ वाचा. तीच यब्बोक, याकोबाने रात्रभर झुंज दिली ती जागा तिच्याच काठी.

---

यार्देनकाठ:

बाप्तिस्म्याचं ठिकाण, म्हणजे अल-मगतास. २०१५ पासून जागतिक वारसा यादीत. स्वतःची बस आत नेता येत नाही. स्वागत केंद्रापाशी उतरायचं, त्यांच्या बसने आत, मग सपाट पण बिनसावलीच्या वाटेने चालत. दीड ते दोन तास धरा. शेवटची फेरी दुपारीच सुटते, म्हणून साडेबारापर्यंत पोहोचा. टोपी, पाणी हवंच. माश्या फार असतात.

गटाला आधी सांगा: नदी अगदी अरुंद, काही मीटरच, आणि पाणी मातकट. वरच्या भागात इस्रायल, जॉर्डन, सीरिया तिन्ही देश पाणी उचलतात म्हणून एवढंच उरतं. पलीकडचा काठ इस्रायलच्या ताब्यात आहे, तिकडेही भाविक दिसतील. नदीच्या मध्याच्या पुढे जायचं नाही, पोहायचं नाही. ठरवलेल्या जागी पायऱ्या आणि कठडा आहे, तिथेच उतरायचं. तळ गाळाचा आणि निसरडा, त्यामुळे रबरी तळव्याच्या चपला घालून, दोघांनी धरून. पूर्ण बुडवून बाप्तिस्मा द्यायचा असेल तर एजंटमार्फत आधी कळवून वेळ घ्या. नुसती प्रार्थना आणि वाचन असेल तर गाईडला आदल्या दिवशी सांगा. वाचायला मत्तय ३, आणि वेळ असेल तर २ राजे २. एलीयाची टेकडी त्याच आवारात दाखवतात.

नदीचं पाणी भरून आणायचं तर घट्ट झाकणाची बाटली, वर दोन प्लास्टिक पिशव्या, आणि मोठ्या बॅगेत. केबिन बॅगेत १०० मिलीच्या वर जाऊ देत नाहीत. ते पिऊ नये, लहान मुलांना तर नाहीच.

मृत समुद्रासाठी: आदल्या दिवशी दाढी करू नका, जखम असेल तर उतरू नका. पाठीवर तरंगायचं, पालथं झालात तर सरळ होणं जड जातं. उभं राहायचं असेल तेव्हा गुडघे पोटाशी घ्या आणि पाय खाली सोडा. डोळ्यात थेंब गेला तर हाताने चोळू नका, हातही खारटच असतो. काठावर एकाने गोड्या पाण्याची बाटली घेऊन उभं राहावं. वीस मिनिटं पुरे, रक्तदाबवाल्यांना दहा. चांदीचे दागिने खोलीत ठेवा, काळे पडतात.

---

डोंगरवाट:

तिसऱ्या दिवशी किंग्ज हायवे पूर्ण करू नका. वादी मुजिबची खोल दरी (शास्त्रातली अर्णोन नदी) उतरून चढताना वळणांनी अर्धी बस आजारी पडेल. मृत समुद्राकाठच्या रस्त्याने दक्षिणेला, तिथून केराक वर, आणि केराकहून डेझर्ट हायवेने वादी मुसा. थांबे धरून पाच-सहा तास. केराक किल्ल्यात अंधारे जिने आहेत, ज्यांना नको त्यांनी वरच्या अंगणातून दरी बघावी. वादी रमचा मुक्काम तंबूचा असतो आणि ऑक्टोबरअखेर रात्री थंडी पडते. दोन तासांची जीप फेरी करून त्याच संध्याकाळी अम्मानला निघा, ड्रायव्हरला चार तास धरायला सांगा. मुक्कामच करायचा असेल तर संडास-बाथरूम तंबूला जोडलेलं आहे का, हे फोटो मागवून बघा.

---

सहल_समिती:

नवा आराखडा एजंटला पाठवतोय:

१ आराम, किल्ला, म्युझियम.
२ जेराश, उम्म कैस.
३ मादबा, नबो, अल-मगतास, मृत समुद्र मुक्काम.
४ केराक, वादी मुसा मुक्काम.
५ पेत्रा पूर्ण दिवस.
६ वादी रम जीप, रात्री अम्मान.
७ परत.

पहिला दिवस सोमवार येतोय, म्हणजे म्युझियम उघडं आणि मादबा बुधवारी. विमान संध्याकाळचं मिळालं तर सातव्या दिवशी सकाळी काय करता येईल?

---

हिशेबनीस:

सातवा दिवस रविवार आहे. अम्मानमध्ये इंग्रजी उपासना होते, पाळकसाहेबांना हॉटेलमधून आदल्या दिवशी वेळ विचारायला सांगा. विमानतळ शहराच्या ३५ किमी दक्षिणेला आहे, ३४ जणांच्या बॅगा धरून विमानाच्या साडेचार तास आधी हॉटेल सोडा.