‘इंडिजिनस पीपल्स’मधला शेवटचा ‘स’

कुळागर: मडगावच्या एका कार्यक्रमासाठी जेम्स अनायांचा परिचय मराठीत लिहितेय. कायद्याचे प्राध्यापक, 2008 ते 2014 ‘इंडिजिनस पीपल्स’च्या हक्कांसाठी संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक. निकाराग्वा सरकारने आवास तिंग्नी या तिथल्या मूळच्या समाजाच्या जंगलात लाकूडतोडीचा परवाना परस्पर एका कंपनीला दिला. तो खटला त्यांनी लढवला. 2001मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने जमिनीवर त्या समाजाची सामूहिक मालकी मान्य केली. इथवर ठीक. घोडं अडलंय ‘इंडिजिनस पीपल्स’मधल्या ‘पीपल्स’पाशी, त्याला मराठीत काय लिहू? 1957च्या आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) करारात ‘पॉप्युलेशन्स’ होतं, 1989च्या करारात ‘पीपल्स’ आलं. त्या ‘स’साठी केवढं भांडण झालं, कारण ‘पीपल’ म्हटलं की स्वयंनिर्णयाचा हक्क आला. आपलं ‘लोक’ मुळातच अनेकवचनी! ‘आदिवासी लोक’ लिहिलं की ते भांडणच पुसलं जातं.

माडाखाली: ‘जनसमूह’ लिहा.

कुळागर: समूह बसथांब्यावरही असतो हो.

शणै_वाचक: ‘मूलनिवासी’ शुद्ध आणि नेमका आहे.

रानवाट: महाराष्ट्रात त्या शब्दाला बहुजन चळवळीचा वेगळा अर्थ चिकटलाय, वाचक तिकडे जाईल. माझी आजी गोव्यातल्या केप्याची, वेळीप समाजातली. तिने स्वतःला आदिवासी कधीच म्हटलं नाही. ‘आमी हांगाचीं,’ आम्ही इथलीच, एवढंच. 2003मध्ये गोव्यातले गावडा, कुणबी, वेळीप अनुसूचित जमातींत आले, तेव्हा ‘आदिवासी’ हा शब्द आमच्या घरी दाखल्यासोबत आला.

शणै_वाचक: म्हणजे सरकारी शब्दच.

रानवाट: नाही! आदिवासी नेते जयपालसिंग मुंडांनी संविधान सभेत ‘आदिवासी’चाच आग्रह धरला होता, ‘बनजाती’ला हरकत घेतली होती. दाखल्यावरचा शब्द ‘अनुसूचित जमाती’. ‘आदिवासी’ आम्ही घेतला, आता तो आमचा आहे.

माडाखाली: सामूहिक जमिनीसाठी आपल्याकडे ‘गांवकारी’ आहे की, गावाची जमीन गांवकारांच्या सामाईक मालकीची. ‘आद्य गांवकार’ का नको?

रानवाट: आमच्या गावच्या कोमुनिदादीत, म्हणजे पोर्तुगीज नावाच्या त्याच गांवकारीत, आमच्या घरातला एकही माणूस गांवकार नाही. रान भाजून कुमेरी शेती करणारे आम्ही, आणि झोण, म्हणजे गांवकारीच्या उत्पन्नातला वाटा, घेणारे दुसरे. तो शब्द आमच्यावर घालू नका.

माडाखाली: चुकलं माझं. पण ‘गावडा’ गावावरूनच आला ना? गाव वसवणारा तो गावडा.

शणै_वाचक: कन्नडात ‘गौड’ म्हणजे गावचा मुख्य. तिथून आला असणार.

माडाखाली: तो ‘गौड’ तरी ‘ग्राम’वरूनच ना?

कुळागर: परिचय उद्या छापायला जातोय. सध्या ‘आदिवासी लोकसमाज’ लिहिलंय, पण स्वयंनिर्णय त्यात ऐकू येत नाही.

रानवाट: ‘गावडा’ वरच्यांनी दिलेलं नाव की स्वतःचं, ते आधी सांगा.

शणै_वाचक: मोल्सवर्थचा शब्दकोश काढतो.