शब्दचर्चा: 'कुकी'ला 'हेरधारिका' म्हणायचं का?

मजकूरवाली
एका पतसंस्थेच्या संकेतस्थळाचा मराठी मजकूर करतेय. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्या असं म्हटलंय, त्यामुळे अशी कामं हल्ली येतात. मी 'कुकी' तसंच ठेवलं होतं. तपासणाऱ्या सरांनी (निवृत्त प्राध्यापक, वाद घालायची सोय नाही) सगळीकडे 'हेरधारिका' केलं. पुढच्याच परिच्छेदात 'स्पायवेअर'साठी (फोन-संगणकात शिरून गुपचूप माहिती चोरणारा प्रोग्रॅम) 'हेरप्रणाली' आहे. आता सूचना अशी झालीय: "आमचे संकेतस्थळ आपल्या संगणकात हेरधारिका ठेवते. आपली संमती आहे काय?" कोण हो म्हणेल? सर म्हणतात, लोकांना खरं ते कळू दे. पर्याय सुचवा, सोमवारी द्यायचंय.

अनुस्वार
'महापौर' आणि 'दिनांक' आले तेव्हाही लोक हसलेच होते. नवा शब्द चार दिवस टोचतो, मग रुळतो. हेर मात्र नको. 'स्मृतिका' करा.

वायरमन
स्मृतिका शाल-श्रीफळाबरोबर देतात ना? :)
सरांचा घोटाळा शब्दाचा नाही, समजुतीचा आहे. कुकी 'चालत' नाही. तिच्यात प्रोग्रॅम नसतो. नाव, मूल्य, कुठल्या साइटची आणि मुदत कधीपर्यंत, झालं. ब्राउझर साधारण ४०९६ बाइटच्या पुढे कुकी घेतही नाहीत. आत्ताच एका वर्तमानपत्राच्या साइटची उघडून पाहिली: नाव 'लँग', मूल्य 'एमआर', मुदत वर्षभर. म्हणजे 'या गड्याला मराठी पान दाखवा'. हिला हेर म्हणायचं?
देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवरचा बिल्ला आहे हा. त्याच्यावर नुसता आकडा. चपला कुणाच्या, कुठल्या फळीवर, ते स्टँडवाल्याला ठाऊक. तुम्ही बिल्ला दाखवलात की तो ओळखतो. १९९४मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू माँटुलीने कुकी काढली ती अशाच कामासाठी. सर्व्हरला दर क्लिकला गिऱ्हाईक नव्यानं भेटायचं, टोपलीत काय टाकलंय ते आठवायचं कसं? 'बिल्ला' म्हणा आणि मोकळ्या व्हा.

अनुस्वार
आणि गावातल्या सगळ्या देवळांबाहेर एकाच ठेकेदाराचे स्टँड असले तर? शनिवारी मारुती, मंगळवारी गणपती, सगळी नोंद त्याच्याकडे. मग सर इतके चूक वाटत नाहीत.

वायरमन
तेच झालं. माँटुलीचा रोख असा होता की प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक द्यायचाच नाही, नाहीतर सगळीकडे माग काढता येईल; म्हणून ज्या साइटची कुकी तिलाच ती परत जाते. पण पानातली जाहिरात तिसऱ्याच्याच सर्व्हरवरून येते, आणि तो सर्व्हर स्वतःची कुकी ठेवतो. हजार पानांवर त्याच्याच जाहिराती, म्हणजे हजार ठिकाणी तोच बिल्ला. फायरफॉक्सने २०१९ला माग काढणाऱ्या अशा परक्या कुकींना आपणहून आडकाठी घातली, सफारीने २०२०ला सगळ्याच बंद केल्या. क्रोमने २०२०मध्ये बंद करतो म्हणून जाहीर केलं आणि २०२४मध्ये माघार घेतली. पाळत ठेवतो तो जाहिरातवाला. कुकीला हेर म्हणणं म्हणजे ध चा मा.

जुनाबाजार
हा गैरसमज आला कुठून ते सांगतो. २००० नंतरच्या काळात घरचा पीसी हळू झाला की असेंब्लीवाला पोरगा यायचा, स्पायवेअर शोधायचं सॉफ्टवेअर लावायचा आणि लाल अक्षरांतली यादी दाखवायचा. "काका, बघा किती निघाले!" यादीत निम्म्याच्या वर 'ट्रॅकिंग कुकी'. ती सॉफ्टवेअरं खऱ्या स्पायवेअरच्या रांगेत कुक्या मोजायची, आकडा फुगायचा, पोराचे पैसे वसूल. अख्ख्या पिढीच्या डोक्यात कुकी म्हणजे व्हायरसची धाकटी बहीण.
आमचे सासरे अजून त्यातच. कुकीची पाटी आली की फोन पालथा ठेवतात. आणि गेल्या वर्षी कुठल्याशा नंबरवरून 'लग्नपत्रिका.एपीके' (एपीके म्हणजे ॲप बसवायची फाइल) आली, ती मात्र कौतुकानं उघडली. "कुणाचं लग्न ते बघायला नको?" त्या ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, यांनी दिली, ओटीपी परस्पर पलीकडे. स्पायवेअर ते. त्याला ना पाटी, ना 'स्वीकारा', ना 'नाकारा'.

वायरमन
पेगॅसस नावाच्या स्पायवेअरला तर एपीकेही लागलं नव्हतं. २०१९मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलमधून शिरलं, फोन उचलला नाही तरी. जगभरातली सुमारे १४०० उपकरणं, त्यात भारतातलीही. त्याच्या आणि कुकीच्या नावात एकच 'हेर' घालणार?

मोडीवाला
थांबा. पेशवाईच्या कागदांत 'जासूद' भेटतो तो बहुतेक वेळा पत्रं नेणारा-आणणारा. 'जासूदजोडी रवाना केली' असं असतं. मूळ अरबी 'जासूस', म्हणजे हेरच, पण मराठीत येऊन तो सांडणीस्वाराचा पायी भाऊ झाला. हेराला 'नजरबाज' शब्द होता. कुकी चिठ्ठी नेते-आणते, म्हणून कुकीला जासूद आणि स्पायवेअरला नजरबाज. दोन्ही तयार माल.

तिरफळ
आजच्या वाचकाला जासूद म्हणजे हेरच. आणि पतसंस्थेच्या साइटवर 'नजरबाज'? बायका तक्रार करतील.

अनुस्वार
दोन्ही परके. एक अरबी, दुसरा फारसी. 'हेर' निदान आपला आहे, संस्कृतातही 'हेरिक' आहे.

मोडीवाला
आणि तुम्ही रोज 'हेरगिरी' लिहिता त्यातलं 'गिरी' कुठल्या वेदातलं? तेही फारसी.

श्टुटगार्टकर
इथे जर्मनीत सरळ 'कुकीज'च म्हणतात. शब्दापेक्षा बटणावर भांडण जास्त. एका जर्मन लॉटरीवाल्या साइटने होकाराच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवली होती. ते प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि २०१९ला निकाल लागला की ही संमती नव्हेच. फ्रान्सने शब्दाचाही खटाटोप केला: 'तेम्वँ द कोनेक्सियाँ', म्हणजे जोडणीचा साक्षीदार. सरकारी पत्रकात छापून आलं, पण त्यांची डेटा संरक्षणाची सरकारी संस्था स्वतःच्या साइटवर 'कुकीज'च लिहिते. अनुस्वार, हे तुमच्यासाठी.

तिरफळ
आइसलँडवाल्यांनी जमवलंय. परका शब्द म्हणून घ्यायचा नाही, म्हणून त्यांच्याकडे कुकी म्हणजे 'वाफ्राकाका'. वाफ्रा म्हणजे ब्राउझरचं, काका म्हणजे केक.

जुनाबाजार
काका मला वाचवा!!

मजकूरवाली
:D पण मंडळी, सोमवार.

अनुस्वार
मुळात खाण्याची कुकी इथे आलीच कशी? म्हणे त्या परीकथेतल्या मुलांनी वाटेत टाकलेले पावाचे तुकडे, म्हणून माग काढणारी ती कुकी.

वायरमन
ती गोष्ट नंतर चिकटवलेली. युनिक्स या जुन्या संगणकप्रणालीत 'मॅजिक कुकी' आधीपासून होती: एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला द्यायची आणि उघडून न बघता जशीच्या तशी परत करायची खूण. माँटुलीने नाव तिथून उचललं.

तिरफळ
आणि खाण्याची कुकी डचांची, 'कूक्ये', छोटा केक. आम्ही गोव्यात नाताळला बोलिन्हा करतो, तीही मुळात छोटी गोळीच. तेव्हा 'बोलिन्हा' सुचवते. "आमचे संकेतस्थळ बोलिन्हा ठेवते." नाही कोण म्हणेल?

वायरमन
मजकूरवाली, शब्द 'कुकी'च ठेवा, पण पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ जोडा: "संकेतस्थळाने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद." परक्या कुकींचं वेगळं वाक्य करा आणि जाहिरातवाल्यांचा उल्लेख स्पष्ट करा. सरांना हवं ते खरं त्यात आलं. 'हेर' स्पायवेअरसाठी राखा.

अनुस्वार
'कुकींचं'? की 'कुक्यांचं'? जुनाबाजार वर 'कुक्या' लिहितात.

जुनाबाजार
मग? पार्टी-पार्ट्या, कॉपी-कॉप्या, लॉरी-लॉऱ्या. दहावीच्या केंद्रावर कुणी 'कॉपीज' पकडत नाही.

श्टुटगार्टकर
'कुक्या' ऐकून बालवाडी आठवते. बँकेच्या कागदावर शोभणार नाही.

अनुस्वार
शोभण्याचा प्रश्न नाही, लिंगाचा आहे. आमच्याकडे 'ते कुकी' म्हणतात, बिस्किटासारखं. मग अनेकवचन 'कुक्या' होईल कसं?

मोडीवाला
आमच्याकडे म्हणजे कुठे?

अनुस्वार
नागपुरात.

जुनाबाजार
जन्म नागपूरचा, नोकरी नागपूरची. 'ते कुकी' म्हणणारा अजून भेटायचाय.

अनुस्वार
धरमपेठेत या.